गलबतावरची माणसे

माझे गलबत गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास पुरे झाले, असे मी समजत होतो. सागवानी पट्ट्या वाकवून केलेले अंग, सुताला पीळ देऊन वळलेले दोर, चहाच्या पाण्यात भिजवून पिवळट केलेल्या मलमलीचे मोठे त्रिकोणी शीड आणि दोन्ही अंगांना रांगेने बाहेर आलेली चाळीस वल्ही, असा तो ४२ सेंटिमीटर लांबीचा संसार दीड वर्षात उभा राहिला होता आणि बैठकीच्या खोलीत लाकडी घोड्यावर विसावला होता. आमच्या वाडीतील एक वयोवृद्ध तांडेल, म्हणजे नावेवरच्या खलाशांचे म्होरके, ज्यांना लहानथोर सगळेच आबा म्हणतात, ते एका संध्याकाळी मुद्दाम पाहायला आले. त्यांनी चष्मा वर करून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत सगळे न्याहाळले आणि म्हणाले, "गुरुजी, तारू बरां केल्यात. पण ह्येच्यार माणसां खय आसत? आपसूक चलता काय ह्यां?"

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मात्र घरातच राहिला. जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. प्रतिकृती म्हणजे जहाजाच्या बांधणीची साक्ष, तिच्यावर माणसे बसवली की तिचे खेळणे होते, असे मानणारा एक पक्ष आहे. इंग्लंडच्या आरमाराच्या कारभाऱ्यांसाठी १७व्या आणि १८व्या शतकांत ज्या सुंदर प्रतिकृती केल्या गेल्या, त्यांच्यावर खलाशी नसतात, हा दाखला हा पक्ष हमखास देतो. माझ्या मते तो दाखला खरा असला तरी अपुरा आहे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातील एका बंद दालनात १९२० साली लाकडी नावांचा मोठा संच सापडला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या नावांवर वल्हेकरी आहेत, सुकाणू धरणारा आहे, आणि खुद्द मेकेत्रे छपराखाली बसून कमळ हुंगत आहे. त्या कारागिराला रिकामी नाव करण्याचे सुचलेही नसावे, कारण मेलेल्या धन्याला नाईलवरून हिंडवून आणायचे तर वल्ही कोणी तरी मारायला हवीत. म्हणजे आबांचा प्रश्न आणि त्या कारागिराचा प्रश्न एकच होता. माणसे नकोत म्हणणाऱ्या पक्षाचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे, ते असे की वाईट घडवलेल्या माणसांपेक्षा रिकामे जहाज बरे.

गलबतच का केले, हेही सांगायला हवे. वाघोटण खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग आहे आणि किल्ल्यापासून जवळच, गिर्ये गावाकडच्या बाजूला, आंग्र्यांच्या काळातील गोदी आहे. ओहोटीच्या वेळी तिचा कातळात कोरलेला भाग उघडा पडतो. नोकरीत असताना मुलांना घेऊन तिथे मी अनेकदा गेलो आहे आणि दरवेळी मुलांनी विचारले आहे, "सर, पण इथली जहाजे कुठे गेली?" ती फेब्रुवारी १७५६ मध्ये जळाली. वॉटसनच्या नेतृत्वाखालील इंग्रज आरमाराने, ज्याच्याबरोबर क्लाइव्हची फौज होती, तोफा डागल्या, बंदरातील एका जहाजाला आग लागली आणि ती पसरत जाऊन तुळाजी आंग्र्यांचे आरमार राख झाले. त्यामुळे आज मापे घ्यायला समोर मूळ जहाज नाही, जी काही आहेत ती वर्णने आणि चित्रे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १८व्या शतकात लिहिल्याप्रमाणे गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे लढाऊ जहाज आणि गलबत हे त्याच बांधणीचे लहान भावंड. गलबत क्वचितच सत्तर टनांहून मोठे असे, त्याच्या मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड असे आणि त्याला चाळीस ते पन्नास वल्ही असत. वारा पडला की गलबते वल्हवत पुढे होऊन गुराबांना दोराने ओढून नेत. आंग्र्यांची गलबते माणसांनी खच्चून भरलेली असत, असेही ऑर्म सांगतो. हे शेवटचे वाक्य मी पूर्वी दहा वेळा वाचले होते. आबा येऊन गेल्यावर ते अकराव्यांदा वाचले, तेव्हा ते मला उद्देशून लिहिल्यासारखे वाटले.

माझे गलबत १:४८ या प्रमाणात आहे. त्या काळचा किनाऱ्यावरचा माणूस पाच फूट चार इंच उंचीचा धरला तर या प्रमाणात तो जेमतेम ३४ मिलिमीटर भरतो. त्याचे डोके साडेचार मिलिमीटरचे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे, तळहात बोटांसकट पावणेचार मिलिमीटर, आणि बोटाची जाडी एका मिलिमीटरच्या एक तृतीयांश. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मी दोन दिवस काहीच केले नाही.

पहिला माणूस केला तो सुकाणू धरणारा. तो सर्वांत सोपा वाटला म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. दांड्यावर एक हात, दुसरा मोकळा, पाय किंचित फाकलेले, डोक्याला मुंडासे. तो वाळल्यावर पिछाडीवर नेऊन उभा केला, तर कठडा त्याच्या खांद्याला लागला. दीड वर्ष जो कठडा मला डौलदार वाटत होता, तो २७ मिलिमीटर उंचीचा होता, म्हणजे प्रत्यक्षात एकशे तीस सेंटिमीटर. त्या बिचाऱ्याला टाचा उंचावल्याशिवाय समुद्र नीट दिसला नसता. चित्रावरून डोळ्याला बरे दिसेल असे माप मी घेतले होते आणि पट्टीने ते चारदा तपासलेही होते, पण पट्टीला खांदा नसतो. कठडा तासून १८ मिलिमीटरवर आणला, तेव्हा तो त्या माणसाच्या जेमतेम कमरेपर्यंत आला आणि गलबत एकाएकी लांब व सखल दिसू लागले. ऑर्मचे वर्णन वाचून जी आकृती मनात येते ती हीच.

कठडा तासून सुटका झाली, वल्हेकऱ्यांनी मात्र रडवले. मी दोन्ही अंगांना वीस-वीस वल्ह्यांसाठी पंधरा-पंधरा मिलिमीटरवर भोके पाडली होती. ३० सेंटिमीटरची जागा, वीस वल्ही, भागाकार सुबक होता. मग बसलेला एक वल्हेकरी केला. बैठकीपासून डोक्यापर्यंत १८ मिलिमीटर, तोंड पिछाडीकडे, हात पुढे ताणलेले. (वल्हेकऱ्याचे तोंड पिछाडीकडे असते हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु नाळेकडे तोंड करून वल्ही ओढणारी माणसे मी प्रदर्शनांत पाहिली आहेत.) त्याच्यासारखा दुसरा करून त्याच्यापुढे ठेवला, तर मागच्याच्या मुठी पुढच्याच्या पाठीत रुतल्या. दोन वल्ह्यांमध्ये पंधरा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात बहात्तर सेंटिमीटर होतात. एवढ्या जागेत माणूस बसू शकतो, पण वल्हे मारू शकत नाही. हात लांब करून पुढे झुकायचे आणि पूर्ण अंगाने मागे यायचे, तर साधारण मीटरभर जागा लागते. वीस मिलिमीटरवर एक याप्रमाणे हिशेब केला, तेव्हा एका अंगाला पंधराच वल्ही बसली.

इथे मी काही दिवस रुसून बसलो होतो, हे कबूल करतो. चाळीस वल्ह्यांचे गलबत तीस वल्ह्यांचे करायचे म्हणजे ऑर्मला खोटे पाडल्यासारखे होते. नंतर लक्षात आले की ऑर्म खोटा पडत नाही, माझे गलबत आखूड आहे. चाळीस माणसे दोन रांगांत बसवायची तर नुसत्या वल्हवण्याच्या जागेलाच एकोणीस-वीस मीटर लागणार, शिवाय पुढे नाळ आणि मागे पिछाडी वेगळी. माझे सबंध गलबतच प्रत्यक्षात वीस मीटरचे होते. आता नवे अंग बांधण्याची उमेद नव्हती. म्हणून हे लहान प्रतीचे गलबत आहे असे धरले, दोन्ही बाजूंची भोके पाडलेली वरची फळी उखडून नवी बसवली आणि तिला पंधरा-पंधरा भोके पाडली. जुन्या दोन फळ्या मी टाकल्या नाहीत. त्या टेबलाच्या खणात आहेत.

आता माणूस कसा घडवायचा ते सांगतो. सांगाड्याला जळालेल्या पंख्याच्या गुंडाळीतील तांब्याची तार वापरतो, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित बारीक. तारेचा एक तुकडा दुमडून पीळ द्यायचा की डोके आणि कणा होतो, खालची दोन टोके पाय होतात, दुसरा तुकडा खांद्यापाशी आडवा गुंडाळला की हात. पायाची तार टाचेच्या खाली एक सेंटिमीटर लांब ठेवायची. काम चालू असताना ती बुचात रोवता येते आणि शेवटी डेकवर बारीक छिद्र पाडून त्यात बसवता येते. सगळा अभिनय या तारेतच करून घ्यावा लागतो. नुसती तार लांबून पाहिली असता माणूस काय करतो आहे हे कळले नाही, तर वर कितीही चांगले मांस चढवले तरी ते कळणार नाही.

मांसासाठी परदेशी पुटींची, म्हणजे मळून लावल्यावर कडक होणाऱ्या लगद्यांची, नावे खूप घेतली जातात. मी एम-सील आणि शिल्पकार या आपल्याकडे कोणत्याही हार्डवेअरच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या दोन गोष्टींवर काम भागवले. दोन्हींमध्ये दोन भाग समप्रमाणात मळायचे असतात आणि मळल्यानंतर अर्ध्यापाऊण तासात हात आवरता घ्यावा लागतो. मे महिन्याच्या उकाड्यात तेवढाही वेळ मिळत नाही, म्हणून मळलेला गोळा मी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवत असे. घरच्यांनी त्याला आधी विरोध केला आणि नंतर एक डबा वेगळा काढून दिला. एम-सीलचा कण जरा भरड असतो, म्हणून आतला गाभा त्याचा करतो, आणि वरची कातडी, चेहरा, कपडा शिल्पकारचा. एकाच दमात सगळा माणूस करायला जाऊ नये. पहिल्या दिवशी तारेवर पातळ लेप, तो कडक झाला की दुसऱ्या दिवशी छाती, पाठ, मांड्या, तिसऱ्या दिवशी डोके आणि लंगोट. घाई केली की खांदा करताना कंबर चेपते. ओल्या पुटीला उघडा हात लावू नये, काहींच्या कातडीला ती बाधते. वाळल्यावर घासताना नाकावर फडके बांधावे.

हत्यारे फारशी लागत नाहीत. जाड सुई पेन्सिलीच्या टोकात बसवलेली, बांबूची दातकोरणी, आणि कुंपणावरच्या करवंदीचे काटे. करवंदीचा काटा टोकाशी घासून किंचित बोथट केला की मुंडाशाच्या वळ्या आणि पाठीचा कणा त्याच्याइतका स्वच्छ कशानेही निघत नाही. पुटी हत्याराला चिकटू नये म्हणून टोक पाण्यात बुडवायचे. व्हॅसलीनही चालते, पण ते पूर्ण पुसले गेले नाही तर पुढे रंग सुटतो.

शीड उतरवणारे चार जण घडवताना मी सर्वांत जास्त वेळ घेतला आणि सर्वांत जास्त आनंदही मला त्यांनीच दिला. पहिला प्रयत्न साफ फसला होता. दोर ओढणारा माणूस म्हणून मी कोपरे दुमडलेला, छाती पुढे काढलेला, दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा पहिलवान केला होता. तो दोर ओढत नव्हता, दोर धरून फोटोला उभा होता. मग पावसाळा सरल्यावर रापण सुरू झाली, तेव्हा चार सकाळी वही घेऊन पुळणीवर जाऊन बसलो. रापणीचे जाळे ओढणारी माणसे जन्मभर पाहत आलो होतो, पण त्यांचे हात कसे असतात हे कधी पाहिलेच नव्हते. हात सरळ असतात. ओढते ते सगळे अंग. टाचा वाळूत रुतवून माणूस मागे कलतो, दोर कमरेजवळून जातो, मान खाली असते, आणि टाचेपासून खांद्यापर्यंत जवळजवळ एक तिरकी रेघ तयार होते. तो इतका कललेला असतो की त्याचा तोल त्याच्या पायांवर नसून दोरावर असतो. त्यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे, ती अशी की दोर काढून घेतला तर माणूस पडला पाहिजे. पहिलवान या कसोटीला उतरला नाही. त्याला मी पुसून टाकले नाही, तो आता दरवाज्याच्या चौकटीवर पहारा करतो.

रांगेतील सगळे सारखे कललेले नसतात, हेही तिथेच दिसले. पुढचा सर्वांत जास्त वाकलेला, मधला नुकताच पाय बदलत असलेला, शेवटचा ओढत नाहीच, तो आलेला दोर गोळा करत असतो. माझ्या चौघांना दोर ओढायचा नसून हळूहळू सोडायचा आहे, कारण शीड खाली येत आहे. दोर सोडतानाही माणूस मागेच कलतो, मात्र पाय पुढे रोवलेले असतात आणि एक मूठ घट्ट, दुसरी सैल असते. चौथ्याकडे दोर गोळा करण्याचे काम नाही, म्हणून तो वेटोळ्यातून दोर मोकळा करून पुढच्याला देतो आहे.

हात मात्र आधी करायचेच नाहीत. मनगटापर्यंत माणूस पुरा करून, रंगवून, जागेवर बसवायचा, दोर ताणून बांधायचा, आणि मग दोराभोवती मोहरीहूनही लहान पुटीचा कण चेपून त्याची मूठ करायची. सुईने तीन रेघा ओढल्या की चार बोटे होतात. आधी केलेल्या मुठीतून दोर ओवण्याचा खटाटोप मी केला आहे आणि त्यात दोन अंगठे गमावले आहेत. दोर सैल राहिला तर सगळा खेळ फुकट जातो, कारण जीव तोडून मागे कललेला माणूस आणि त्याच्या हातात ढिला लोंबणारा दोर, याहून हास्यास्पद दुसरे काही नसेल.

तीस वल्हेकरी एकेक करून घडवणे मला झेपणारे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. एकाच तालात वल्ही मारणाऱ्यांची अंगे एका क्षणी सारखीच असतात. उलट ती वेगवेगळी केली तर वल्ही एकमेकांत अडकतील. म्हणून डोके नसलेला एक वल्हेकरी नीट घडवला, सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा केला आणि रेझिन ओतायला घेतले. ही बुद्धी मला जुलै महिन्यात सुचली. मी घेतलेल्या जातीच्या रेझिनला दमट हवा सोसत नाही, ओलावा लागला की त्यात वायू होऊन बुडबुडे येतात, आणि कोकणात जुलैमध्ये ओलावा नसलेली वस्तू शोधूनही सापडणार नाही. साचा उघडला तेव्हा पहिल्या सहाही वल्हेकऱ्यांना घावनासारखी जाळी पडलेली होती. साचा गुंडाळून ठेवला आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, एका आठवड्यात तीसच्या तीस निघाले. डोकी मात्र प्रत्येकाची वेगळी घडवली. कोणाची मान खाली, कोणाची वल्ह्याच्या टोकाकडे वळलेली, एक म्हातारा, दोन मिसरूड न फुटलेली पोरे. अंग सारखे आणि डोके निराळे, एवढ्याने रांगेत जान आली.

डोळ्यांचा विषय निघाला की मला माझ्या काकांची आठवण होते. आमच्याकडे गणपतीची शाळा होती. मूर्ती शाडूची, रंग काकांचा, आणि सर्वांत शेवटी आखणी. डोळ्यांची आखणी करताना काका कोणाला बोलू देत नसत, कारण गणपती बघू लागतो तो तिथे. तेच संस्कार घेऊन मी पहिल्या सुकाणूवाल्याला त्रिशून्य नंबरच्या ब्रशाने डोळ्यांत पांढरा रंग आणि काळा ठिपका दिला, तर तो भूत पाहिल्यासारखा दिसू लागला. हिशेब केला तर कारण सापडते. माणसाचा डोळा तीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे या प्रमाणात तो जेमतेम सहा दशांश मिलिमीटर. खरा माणूस एवढा लहान दिसण्याइतका दूर असला तर त्याच्या डोळ्याचे पांढरे आपल्याला दिसतच नाही, दिसते ती भुवईखालची सावली. म्हणून आता कपाळाखाली सुईने एक उथळ खाच देतो, रंगवताना तिच्यात पातळ गडद तपकिरी उतरू देतो आणि तिथेच थांबतो. काकांनी हे पाहिले असते तर मूर्ती अर्धवट ठेवली म्हणून मला रागावले असते.

रंगांबाबत थोडक्यात सांगतो. परदेशी संचातील कातडीच्या रंगाची बाटली गुलाबी असते, ती आपल्या खलाशाला उपयोगाची नाही. मी रॉ अंबर आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणाने सुरुवात करतो आणि यलो ऑकर मिसळत उजळ भाग वर आणतो. खांदे आणि पाठ यांचा रंग उन्हाने रापलेला, मांडीचा आतला भाग त्याहून फिका. लंगोट आणि मुंडासे यांना निव्वळ पांढरा रंग कधीही देऊ नये, तो खडूसारखा दिसतो, त्यात ऑकरचा आणि राखाडीचा थेंब हवाच. चकाकीही नको. लहान वस्तूवर रंग जरा फिके ठेवावेत, कारण खरी वस्तू एवढी लहान दिसण्याइतकी दूर गेली की मधली हवा तिचा रंग उतरवते. तांडेलाला मात्र मी विटकरी रंगाचे मुंडासे आणि गुडघ्यापर्यंतचा चोळणा दिला आहे. चाळिसाच्या गर्दीत तो ओळखू यावा एवढाच त्यामागे हेतू आहे.

माणसे बसत गेली तसतशा गलबताच्या बाकीच्या उणिवा उघड्या पडत गेल्या. शीड वाऱ्याने टरटरून फुगलेले होते आणि खाली तीस जण घाम गाळून वल्ही मारत होते. असे का, हे कोणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. तेव्हा क्षण ठरवला. वारा पडला आहे, शीड उतरवले जात आहे, वल्ही नुकतीच पाण्यात पडली आहेत, आणि पिछाडीला एक खलाशी मागच्या गुराबाकडे फेकण्यासाठी दोराचे वेटोळे हातात घेऊन उभा आहे. त्यासाठी फुगलेले शीड काढून, ओले करून, सैल पडलेले पुन्हा बसवावे लागले. त्याची तिरकी काठी अर्ध्यावर आणली.

आणि मग पाणी. लाकडी घोड्यावर ठेवलेले रिकामे जहाज कोणाला खटकत नाही, पण त्याच घोड्यावर तीस माणसे हवेत वल्ही मारू लागली की पाहणाऱ्याला हसू येते. माझ्या नातीला ते आलेच. गलबताचा तळ कापण्याचे धाडस झाले नाही. त्याऐवजी प्लायवूडच्या चौकटीत गलबताच्या आकाराचे भोक पाडले, तळ त्यात जलरेषेपर्यंत उतरवला आणि भोवती पुटीचा समुद्र केला. वारा पडलेला असल्यामुळे लाटा कराव्या लागल्या नाहीत, हा त्या क्षणाचा एक फायदा झाला. संथ लांब हेलकावा आणि प्रत्येक वल्ह्याच्या पात्यापाशी एक छोटा भोवरा, एवढेच पुरले. पाण्याचा रंग निळा नाही. पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी असतो तसा हिरवट मातकट आहे.

नाळेवर टेहळणीला एक जण ठेवला, तो अडतिसावा. त्याला बसवल्यावर आबांना निरोप धाडला. ते आले, पुन्हा चष्मा वर केला, आणि या वेळी बोटाने माणसे मोजली. शीड उतरवणाऱ्या चौघांपाशी बराच वेळ थांबले. तिसऱ्याच्या पायाकडे बोट करून म्हणाले की हा घसरणार, ओल्या फळीवर कोणी अशी टाच टेकत नाही, बोटे रोवतो. ते बरोबर होते. माझा अभ्यास वाळूवरचा होता. मग वल्हेकऱ्यांच्या दोन्ही रांगांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहत त्यांनी विचारले, "तीस माणसां वल्ही मारतली, मगे पिवचां पाणी खय ठेवल्यात?"

तिसऱ्याचा पाय दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. आता मडकी करतो आहे. दीड फुटाचे मडके या प्रमाणात साडेनऊ मिलिमीटरचे होते. लाकडी मण्याला पुटीचा गळा लावून चार तयार झाली आहेत, ती हलू नयेत म्हणून खाली काथ्याची चुंबळही केली आहे. एका मडक्याशी पाणी पिणारा कोणी तरी लागेलच, त्याची तार काल रात्री वाकवून बुचात रोवून ठेवली.